ज्युपिटर-८, ५० मिमी एफ/२ : जुनी लेन्स घेताना मागून बघा

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात डोळा लावायची खिडकी वेगळी आणि फिल्मवर उजेड टाकणारी लेन्स वेगळी. एसएलआरमध्ये आपण लेन्समधूनच बघतो, त्यामुळे काच धुरकटली, फोकस सरकला, तर निदान काहीतरी नजरेला खटकतं. इथे काहीच खटकत नाही. झोर्की-४ या सोव्हिएत रेंजफाइंडरच्या लेन्सवर टोपण तसंच राहिलं तरी खिडकीतून समोरचं चित्र लख्ख दिसतं. लेन्समधली खोट कळते ती फिल्म धुऊन आल्यावर. साताऱ्याहून किंवा सांगलीहून रोल पुण्या-मुंबईच्या लॅबला जाऊन परत येईपर्यंत विकणाऱ्याने दिलेली परतीची मुदत बहुधा उलटून गेलेली असते. त्यामुळे लेन्स हातात आल्यावर पहिल्या अर्ध्या तासात जे तपासाल, तेवढंच तुमच्या हातात.

ज्युपिटर-८ बद्दलचा निकाल आधीच सांगतो. रेंजफाइंडरची पहिली ५० मिमी लेन्स म्हणून ही घ्यावी. प्रकाशचित्राला गोडवा आहे, वजन दीडशे ग्रॅमच्या आत आहे आणि उघडून साफ करायला ती तुलनेने सोपी आहे. पण नग पाहून घ्यावी, नाव पाहून नाही. एकाच कारखान्याच्या, एकाच वर्षाच्या दोन ज्युपिटर शेजारी ठेवल्या तर एक सुरेख निघते आणि दुसरी कागदावरचं वजन होऊन बसते. पन्नास-साठ वर्षांत ती कुणी उघडली, कशी जोडली आणि कुठे ठेवली, यावर सगळं अवलंबून आहे.

मूळ रचना जर्मन झाइस कंपनीच्या सोनार या लेन्सची, लुडविग बेर्टेले यांची, १९३० च्या दशकातली. दुसऱ्या महायुद्धानंतर झाइसची काच आणि यंत्रसामग्री नुकसानभरपाई म्हणून सोव्हिएत संघात गेली आणि मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात ती ज्युपिटर या नावाने बनू लागली. सहा काचा तीन गटांत आहेत: पुढे सुटी एक, मध्ये चिकटवलेल्या तीन, मागे चिकटवलेल्या दोन. कोटिंग (काचेवरचा चमक कमी करणारा पातळ थर) बाल्यावस्थेत असताना हवा आणि काच जिथे भेटतात त्या जागा जितक्या कमी तितकी चमक कमी, हा त्यामागचा हिशेब. इथे अशा जागा फक्त सहा. तपासताना हा आकडा ध्यानात ठेवा, कारण धुरकटपणा आणि बुरशी याच सहा पृष्ठांवर बसतात.

अनुक्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुतेक नगांवर वर्ष सांगतात. ५८ ने सुरू होत असेल तर १९५८ ची. पुढच्या कड्यावर दरवाज्याच्या चौकटीसारखं लाल रशियन अक्षर असेल तर कोटिंग असलेली लेन्स. क्रास्नोगोर्स्कची खूण म्हणजे लोलक आणि त्यातून आरपार जाणारा किरण.

नावावरून फसगत होते ती दोन ठिकाणी. कीव्ह कॅमेऱ्यासाठी बनलेली ज्युपिटर-८एम ही झाइसच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्याच्या पद्धतीच्या बायोनेटची, म्हणजे खाचेत अडकवायच्या बैठकीची आहे. तिला आटे नाहीत आणि स्वतःची फोकस रिंगही नाही, कारण फोकसची यंत्रणा कॅमेऱ्यात असते. ती झोर्की, फेड किंवा लायका अशा आट्यांच्या कॅमेऱ्यांवर बसणारच नाही. दुसरी फसगत जास्त वाईट, कारण तिथे लेन्स बसते. जुन्या झेनिट एसएलआरच्या लेन्सनाही या रेंजफाइंडरच्या लेन्ससारखेच ३९ मिमीचे आटे आहेत. झेनिटची ३९ मिमीची इंडस्टार-५० किंवा हेलिओस-४४ रेंजफाइंडरवर छान फिरून घट्ट बसते आणि एकही फोटो धड येत नाही. रेंजफाइंडरमध्ये लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंत अंतर २८.८ मिमी, झेनिटमध्ये ४५.२. म्हणजे १६.४ मिमीचा फरक. ओळख सोपी आहे. लेन्स उलटी करा, फोकस रिंग फिरवा. रेंजफाइंडरच्या लेन्समध्ये मागे एक गुळगुळीत धातूचं कडं आत-बाहेर सरकताना दिसतं. कॅमेऱ्यातला छोटा दांडा याच कड्यावर टेकतो आणि त्यावरून अंतर ओळखतो. ते कडं नसेल तर लेन्स खाली ठेवा.

आता लेन्स राहिली कुठे, हे विचारायचं. आपल्या भागात याचं उत्तर तालुक्यागणिक बदलतं. महाबळेश्वर, जावळी, पाटणकडची लेन्स चार महिने ओल्या हवेत असते. तिथे पहिला संशय बुरशीचा. माण, खटाव, आटपाडी, जतकडच्या लेन्समध्ये बुरशी कमी, पण फोकसच्या आट्यांत धूळ शिरलेली असते. रिंग फिरवताना बारीक वाळू दळल्यासारखं बोटांना लागतं. हे ग्रीस बदलल्याशिवाय जात नाही आणि तसंच वापरत राहिलं तर आटे झिजतात.

सांगली, मिरज आणि कृष्णाकाठच्या गावांत आणखी एक गोष्ट बघायची. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कपाटंच्या कपाटं पाण्याखाली होती. पुरात भिजलेली लेन्स वाळवून पुसली की वरून चांगली दिसते. भिंगातून आट्यांच्या खाचांत बघा. गाळाची तांबूस-करडी रेघ कापडाने निघत नाही. स्क्रूची डोकी गंजलेली आणि अ‍ॅल्युमिनियमवर मिठासारखी पांढरी पूड, हे दुसरं चिन्ह. तिसरं काचेवर: पाणी हळूहळू आटताना जशी बादलीच्या आत कडा उमटते तशी एक वळणदार फिकट रेघ, आतल्या पृष्ठावर. हे एकदा दिसलं की भाव विचारूच नका. फुकट मिळाली तरी दुरुस्तीत हात पोळतात.

काच तपासायला पेनएवढी छोटी टॉर्च आणि काळं कापड पुरेसं आहे. मोबाइलचा फ्लॅश नको. त्याचा उजेड इतका पसरट आणि प्रखर असतो की कारखान्यातून कालच निघालेली लेन्सही त्यात खराब दिसेल. अ‍ॅपर्चर (पात्यांनी लहान-मोठं होणारं लेन्समधलं भोक) एफ/२ वर पूर्ण उघडं ठेवा. काळं कापड टेबलावर पसरा. टॉर्च लेन्सच्या मागून, साधारण ३० ते ४५ अंश तिरकी धरा आणि तुम्ही पुढून बघा. उजेड थेट डोळ्यांत येता कामा नये. काच उजळली पाहिजे आणि तिच्या मागचं कापड काळंच राहिलं पाहिजे. मग टॉर्च हळूहळू गोल फिरवा. एका कोनात अजिबात न दिसलेली गोष्ट दुसऱ्या कोनात ठळक उठते. नंतर लेन्स उलटी करून हेच मागून.

दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीला घाबरायचं नाही. सुटे चमकते ठिपके म्हणजे धूळ. पन्नास वर्षांच्या लेन्समध्ये ती असायचीच आणि फोटोत ती दिसत नाही. सुईच्या टोकाएवढे बारीक गोल बुडबुडे म्हणजे काच ओततानाच राहिलेली हवा, तेही निरुपद्रवी. बुरशीला मात्र फांद्या असतात. एका ठिकाणाहून निघून कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा मुळांसारखे पसरलेले तंतू दिसले की ती बुरशीच. ती बहुधा कडेकडून आत येते, म्हणून काचेची किनार आधी बघा. बुरशी नुसती वर बसलेली असेल तर साफ होते. ती जिथे बसते तिथे आम्ल सोडते. कोटिंग किंवा काच खाल्ली गेली असेल तर पुसल्यावरही तिचा ठसा उरतो. बाहेरून या दोहोंतला फरक खात्रीने सांगता येत नाही, म्हणून बुरशी असलेल्या लेन्सचा भाव करताना वाईट शक्यताच धरायची.

यापेक्षा फसवी गोष्ट म्हणजे धूसर थर, ज्याला सगळे हेझ म्हणतात. आरशावर फुंकर मारल्यावर जसं दिसतं तसं, सगळीकडे सारखं. ठिपका नाही, रेघ नाही, म्हणून नजर त्यावर अडकतच नाही. दुकानातल्या ट्यूबलाइटमध्ये ही लेन्स ‘एकदम क्लीन’ वाटते. टॉर्च तिरकी लावली की काच दुधाळ होते आणि मागचं काळं कापड राखाडी दिसायला लागतं. फोकसच्या आट्यांतलं आणि अ‍ॅपर्चरच्या पात्यांवरचं तेल वर्षानुवर्षं उडून जवळच्या काचेवर जमतं, त्यातून हे होतं. ज्युपिटर-८ मध्ये पाती दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाच्या मध्ये आहेत. म्हणून मधल्या गटाची मागची बाजू आणि मागच्या गटाची पुढची बाजू, या दोन जागा टॉर्चने नीट शोधा. एकेका पृष्ठावर नजर नेमकी बसावी म्हणून डोकं थोडं पुढे-मागे करा.

पुढच्या काचेवरच्या दोन बारीक रेघा बघून लोक लेन्स परत करतात आणि आत हेझ असलेली आनंदाने घेऊन जातात. हे अगदी उलटं आहे. पुढच्या काचेवरची एखादी रेघ फोटोत दिसत नाही. फार तर उजेड समोर असताना चमक थोडी वाढते, आणि लेन्सहूडने ती बरीच आवरते. हेझ मात्र प्रत्येक फोटोतला काळा रंग करडा करतो. मागच्या काचेवरचा ओरखडाही पुढच्यापेक्षा महागात पडतो, कारण फिल्मकडे जाणारा उजेड तिथे लहान जागेत एकवटलेला असतो. पुढच्या काचेवर गोल-गोल बारीक रेघांचं जाळं असेल, म्हणजे कुणीतरी शर्टाच्या टोकाने वर्षानुवर्षं पुसली असेल, तर ती गोष्ट वेगळी. एक खोल ओरखडा परवडतो, असं जाळं परवडत नाही.

कोटिंगसाठी टॉर्च नको, ट्यूबलाइट चांगली. तिचं प्रतिबिंब काचेत निळसर-जांभळं दिसलं पाहिजे. प्रतिबिंब हलवताना मध्येच एखाद्या पट्ट्यात ते पांढरं पडलं तर तिथलं कोटिंग गेलं.

शेवटची काचेची तपासणी म्हणजे चिकटवलेल्या गटांची. मधला आणि मागचा गट चिकटवलेला आहे, हे वर आलंच. काचांमधला डिंक सुटायला लागला की काठाशी चंद्रकोरीसारखा चंदेरी किंवा इंद्रधनुषी तुकडा दिसतो. तो वाढत जातो. काचा सुट्या करून पुन्हा अचूक मध्यावर चिकटवणं हे आपल्याकडच्या साध्या कॅमेरा मेकॅनिकचं काम नाही. अशी लेन्स सोडून द्या.

पात्यांकडे वळू. पाती नऊ. एफ/२ पासून एफ/२२ पर्यंत बंद करत जा. भोक प्रत्येक टप्प्यावर गोलसर राहिलं पाहिजे. पात्यांवर तेल दिसलं तर एसएलआरवाले लगेच नकार देतात, कारण तिथे पाती क्षणात मिटावी लागतात आणि तेलाने ती अडतात. इथे पाती तुम्ही हाताने लावता, त्यामुळे तेलाने काम अडत नाही. पण तेच तेल उद्याचा हेझ आहे, म्हणून भावात धरायचं. अ‍ॅपर्चर रिंगला टकटक नाही, ती मूळचीच सरळ फिरते. ती ‘तुटली आहे’ असं समजू नका.

फोकस रिंग अनंतापासून (फार लांबच्या वस्तूंसाठीच्या खुणेपासून) १ मीटरपर्यंत एकसारख्या जोराने फिरली पाहिजे. जड असेल तर ग्रीस वाळलंय. याचा एक त्रास नव्या माणसाला आधी लक्षात येत नाही: लेन्स आट्यांची असल्यामुळे रिंग फारच जड असेल तर फोकस करताना अख्खी लेन्सच कॅमेऱ्यातून सैल व्हायला लागते. हिवाळ्यात महाबळेश्वरला पहाटे असलं ग्रीस आणखी घट्ट होतं. रिंग पकडून लेन्स डावी-उजवी हलवून बघा. खटखट जाणवली तर आटे झिजलेत.

स्क्रूंच्या खाचा बघायला विसरू नका. खाच फाटलेली, चकाकणारी असेल तर लेन्स घरगुती स्क्रू ड्रायव्हरने उघडलेली आहे. उघडणं हा गुन्हा नाही, पण फोकसच्या आट्यांना सुरुवातीच्या जागा अनेक असतात. चुकीच्या जागेवरून जोडली तर लेन्स फिरते छान आणि फोकस कुठल्याकुठे जातो. अंतराचे आकडे १ मीटरवर पोचायच्या आधीच रिंग अडली, किंवा अनंताच्या खुणेपलीकडे फिरली, तर असंच काहीतरी झालंय. मागच्या कड्यावर कानशीने घासल्याच्या खुणा किंवा पोचा असेल तर पुढची चाचणी करायचीही गरज नाही. फिल्टरच्या ४०.५ मिमी काठाला पोचा असेल तर लेन्स कधीतरी आपटली आहे. फिल्टर लावून बघा, तो वाकडा बसला तर काठ सरळ करून घ्यावा लागेल.

आता खरी परीक्षा. काच कितीही स्वच्छ असो, रेंजफाइंडरने दाखवलेल्या जागी लेन्सचा फोकस पडतो का?

आधी कॅमेरा निर्दोष आहे का ते बघायचं, नाहीतर त्याचं पाप लेन्सच्या माथी. साताऱ्यात हे फार सोयीचं आहे. पोवई नाक्याच्या आसपास जिथून अजिंक्यताऱ्यावरचा टॉवर मोकळा दिसतो तिथे उभे राहा, लेन्स अनंतावर लावा आणि खिडकीतल्या दोन प्रतिमा एक होतात का बघा. सांगलीला गावालगत डोंगर नाही. तिथे आयर्विन पुलावरून नदीच्या लांबच्या काठावरचं झाड घ्या, किंवा रात्री चंद्र. वस्तू अर्धा किलोमीटरपेक्षा लांब हवी. हीच चाचणी दुसऱ्या लेन्सवरही करा. दोन्ही लेन्स सारख्याच चुकल्या तर दोष कॅमेऱ्याचा, एकच चुकली तर त्या लेन्सचा.

मग जवळची चाचणी. झोर्की-४ आणि फेड-२ ची मागची बाजू पूर्ण निघते, त्यामुळे फिल्म न घालवता हे जमतं. फिल्म ज्या आतल्या दोन पट्ट्यांवरून सरकते त्यांवर ट्रेसिंग पेपरचा तुकडा ताणून चिकटवा. बाहेरच्या पट्ट्यांवर नको, तिथे अंतर बदलतं. झोर्कीचा शटर आधी चढवा आणि मगच वेग ‘बी’ वर न्या, म्हणजे बटण दाबून धरलं तोवर शटर उघडा राहतो. न चढवता वेग बदलला तर यंत्रणा बिघडते. शटर उघडा धरून ठेवायला लॉक होणारी केबल रिलीज लावा. समोर १ मीटरवर फूटपट्टी ४५ अंशांत तिरकी ठेवा, तिच्या मध्यावर काळी रेघ मारा, शेजारी चांगला दिवा लावा. रेंजफाइंडरने त्या रेघेवर फोकस करा, एफ/२ वर. कागदावर उमटलेलं चित्र भिंगाने बघा; दुसरी एखादी ५० मिमी लेन्स उलटी धरली तर तीच उत्तम भिंग होते. सर्वांत धारदार कोणता आकडा आहे?

एफ/२ वर १ मीटरला धारदार पट्टा साधारण साडेचार सेंटीमीटरचा असतो, म्हणजे रेघेच्या पुढे-मागे दोन-सव्वादोन. काळी रेघ या पट्ट्यात असली तर लेन्स बरोबर. पट्टी तिरकी असल्यामुळे तिच्यावरचं अंतर खऱ्या अंतरापेक्षा जास्त भरतं: पट्टीवरचे ३ सेंमी म्हणजे प्रत्यक्षात दोनाच्या थोडे वर.

हीच लेन्स लायकावर लावली तर एक जुना वाद समोर येतो. लायकाचं रेंजफाइंडर ५१.६ मिमीच्या लेन्सच्या चालीवर, म्हणजे फोकस करताना ती जितकी पुढे-मागे सरकते त्यावर, बेतलेलं आहे. सोव्हिएत ज्युपिटर कॉन्टॅक्सच्या ५२.४ च्या चालीने बनल्या, असं जाणकार कारण देतात. हा फरक धरला तर अनंत बरोबर लावलेल्या लेन्सचा फोकस १ मीटरवर सुमारे ३ सेंटीमीटर मागे पडतो. डोळ्यावर फोकस केला की पापण्या मऊ आणि त्यामागचे कानशिलाकडचे केस धारदार. ३ मीटरच्या पुढे किंवा एफ/४ वर हे जाणवत नाही. झोर्की-फेडवर ही अडचण सहसा नसते, कारण लेन्स त्यांच्यासाठीच आहे.

दुरुस्ती आहे. काचांचा गट आणि फोकसची नळी यांच्यामध्ये पातळ कडं असतं, त्याला शिम म्हणतात. फोकस मागे पडत असेल तर शिम वाढवायचा, पुढे पडत असेल तर कमी करायचा. ०.१ मिमी शिमने १ मीटरवरचा फोकस साधारण साडेतीन सेंटीमीटर हलतो. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा जवळपास याच जाडीचा असतो, आणि अनेक मेकॅनिक त्याचाच शिम कापतात. पण जवळचं अंतर असं जुळवलं की एफ/२ वर अनंत थोडं हलतं. व्यक्तिचित्रं काढणाऱ्याने हा सौदा करावा, गडावरून दरीचे फोटो काढणाऱ्याने करू नये.

अनेक जण हल्ली लेन्स मिररलेस डिजिटलवर अ‍ॅडॅप्टरने लावून तपासतात. काच, हेझ, कडेची धार यासाठी ते उत्तम. एक फोटो खिडकीसमोर, उजेड थेट आत येईल असा काढाच. हेझ असेल तर अख्खी चौकट धुक्यात जाते. पण रेंजफाइंडरचं कडं या चाचणीत वापरलंच जात नाही. शिवाय बरेच अ‍ॅडॅप्टर मुद्दाम किंचित पातळ बनवतात, म्हणजे अनंत हमखास गाठता येतं. त्यामुळे ‘सोनीवर अनंत येतंय’ हा लेन्सच्या अचूकपणाचा पुरावा नाही.

वापरताना काय मिळतं? एफ/२ वर मध्य चांगला धारदार, कडा मऊ, एकूण कॉन्ट्रास्ट सौम्य. माणसाचा चेहरा या लेन्समध्ये खरोखर सुंदर येतो. एफ/५.६ ते ८ वर ती कडेपर्यंत आवळते. उजेड समोरून आला की चमक येते, म्हणून हूड हवाच. सोनार रचनेत अ‍ॅपर्चर बंद करत गेल्यावर फोकस थोडा मागे सरकतो. जवळच्या फोटोत एफ/२.८ ला हे ध्यानात ठेवावं. फोकस करताना पुढचा सगळा भाग फिरतो, अ‍ॅपर्चरचे आकडेही सोबत फिरतात, आणि अ‍ॅपर्चर लावायला गेलं की फोकस हलतो. म्हणून आधी अ‍ॅपर्चर, मग फोकस. याची सवय आठवड्यात होते. १ मीटरच्या आत ती येत नाही, त्यामुळे कासच्या इवल्याशा फुलांसाठी ही लेन्स नाही.

बजेट कमी असेल तर इंडस्टार-६१ एल/डी बघा. एफ/२.८, चार काचा, लँथनम काच. धार ज्युपिटरपेक्षा कोरडी आणि स्वच्छ. ज्युपिटर-१२ ही ३५ मिमीची लेन्स घेताना मागचं मोठं फुगीर भिंग आधी बघा. ते इतकं बाहेर येतं की टेबलावर ठेवतानाच ओरखडतं, आणि काही कॅमेऱ्यांत आतल्या मीटरला आडवं येतं. जपानी कॅनन ५० मिमी एफ/१.८ बांधणीला या सगळ्यांपेक्षा सरस आहे, पण पात्यांमागच्या काचेवर हेझ बसण्याची तिची खोड आहे आणि तो काच खातो. टॉर्चशिवाय ती घेऊच नये. लायका बनवणाऱ्या लाइट्झची १९३३ पासूनची झुमार ही लेन्स घेताना पुढची काच मऊ असते हे धरून चला. रेघा नसलेली क्वचितच मिळते. आणि लाइट्झचंच ‘एल्मार’ हे नाव कोरलेल्या स्वस्त लेन्सपासून सावध. खऱ्या ५० मिमी एफ/३.५ एल्मारमध्ये पाती पहिल्या काचेच्या लगेच मागे असतात. सोव्हिएत लेन्सवर नाव कोरून केलेल्या नकलेत ती दुसऱ्या काचेच्या मागे, खोल दिसतात.

ऑनलाइन घेताना विकणाऱ्याला नेमकं सांगा: ‘दादा, लेन्स एफ/२ वर उघडी ठेवून मागून तिरकी टॉर्च मारा आणि पुढून एक फोटो पाठवा. मग उलट बाजूने एक. मागच्या धातूच्या कड्याचा एक, एफ/८ वर पात्यांचा एक, आणि रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतानाचा व्हिडिओ.’ जो हे देतो त्याच्याकडून घ्या. ‘वयाच्या मानाने चांगली’, ‘फोटोवर परिणाम नाही’, ‘तपासलेली नाही’ ही वाक्यं दिसली की आत हेझ किंवा बुरशी आहे असं धरूनच भाव सांगा. परदेशातून मागवलेल्या लेन्सला कस्टम ड्युटी पडते आणि परत पाठवणं जवळपास अशक्य होतं, तोही हिशेब आधीच करा.

भाव करताना हेझ, तेलकट पाती आणि जड रिंग एकत्र धरावी, कारण मेकॅनिक लेन्स एकदा उघडतो तेव्हा तिन्ही कामं होतात. त्या साफसफाईचा खर्च ज्युपिटरच्या स्वतःच्या किमतीच्या घरात जाऊ शकतो. तेवढी रक्कम उतरवून मागा. काच खाल्लेली बुरशी, सुटलेला डिंक, पोचा आलेलं कडं आणि पुराचं पाणी यांना भाव नाही.

घरी आणल्यावर जुनी चामडी पिशवी फेकून द्या किंवा वेगळी ठेवा; चामडं ओल धरून ठेवतं. सोव्हिएत लेन्ससोबत येणारी प्लास्टिकची घुमटाकार डबीही पावसाळ्यात नको, आतली दमट हवा आतच राहते. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक पुरतो. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. जेलचे दाणे रंग बदलले की ते मंद आचेवर तव्यात भाजून पुन्हा वापरता येतात. बुरशीचा संशय असलेली लेन्स साफ होईपर्यंत बाकीच्यांच्या डब्यात ठेवू नका.

पहिला रोल हौसेचा नको, चाचणीचा करा. १ मीटर, दीड मीटर, ३ मीटर आणि अनंत, प्रत्येक अंतरावर एफ/२, २.८, ४ आणि ८, आणि प्रत्येक चौकटीत त्या फ्रेमचा आकडा लिहिलेली चिठ्ठी दिसेल अशी ठेवा. अनंताच्या फोटोत चिठ्ठी वाचता येणार नाही, त्या चार फ्रेम वहीत लिहून ठेवा. ३६ चा रोल असेल तर यात १६ फ्रेम जातात. उरलेल्या २० पैकी निदान चार-पाच संध्याकाळी, सूर्य चौकटीच्या जरा बाहेर ठेवून काढा.